पावसाची वही

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पावसाळ्याच्या दिवसांत दोन माणसे रस्त्यात भेटली, म्हणजे रामराम झाल्यावर पहिला प्रश्न निघतो तो पावसाचा. 'तुमच्याकडे पाणी किती झाले?' या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येकाचे निराळे असते. कोणी म्हणतो, 'वीतभर ओल गेली.' कोणी म्हणतो, 'नाला वाहून निघाला.' कोणी म्हणतो, 'नुसती भुरभुर; धुरळासुद्धा दबला नाही.' ज्याची पेरणी साधली तो पाऊस बरा झाला म्हणतो, आणि ज्याची पेरणी हुकली तो त्याच पावसाला बोल लावतो. ही उत्तरे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. पाऊस मोजता येतो, ही गोष्ट वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत माझ्या स्वप्नातही आली नव्हती.

१९७१ साली मी सहावीत होतो. जून महिन्यात शाळा उघडली, आणि एके दिवशी आमच्या गुरुजींनी शाळेच्या आवारात एक यंत्र आणून बसविले. यंत्र म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते. जस्ती पत्र्याचे एक नळकांडे, त्याच्या तोंडावर बसणारे एक नरसाळे, आणि आत एक बाटली. सोबत खुणा केलेले एक काचेचे मापपात्र होते. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी लहानसा ओटा बांधून गुरुजींनी ते नळकांडे पक्के केले व म्हणाले, "हा पर्जन्यमापक. नरसाळ्यात पडलेला पाऊस बाटलीत साठतो. रोज सकाळी साडेआठ वाजता ते पाणी मापपात्रात ओतायचे, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि बाटली रिकामी करून पुन्हा ठेवायची."

हे काम त्यांनी माझ्यावर सोपविले. वहीत चार रकाने आखलेले होते: दिनांक, वेळ, पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि मोजणाऱ्याची सही. आयुष्यात मी पहिली सही केली ती त्या वहीत. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

घरी मात्र माझ्या या नव्या अधिकाराची कोणी फारशी बूज राखली नाही. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, पन्नास पावसाळे शेतात काढलेले. ते ओसरीवर बसून हसले व म्हणाले, "पानी का शिशीत मोजतेत, बाप्पा? पानी मोजाचं तं वावरात!"

ही गोष्ट मी गुरुजींना सांगितली. ते रागावले नाहीत. संध्याकाळी स्वतः आमच्या ओसरीवर आले आणि आबांना म्हणाले, "आबा, तुम्ही म्हणता ते खरेच आहे. शिशीत मोजतो तो पाऊस वावराचाच. एक मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर बरोबर एक लिटर पाणी पडले. एका हेक्टरवर तेच पाणी दहा हजार लिटर होते. आज आपल्याकडे वीस मिलिमीटर झाला. तुमच्या एकेका एकरावर देवाने ऐंशी हजार लिटर पाणी टाकले आणि पखालीचे भाडेही मागितले नाही!" आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मास्तर, येवढं पानी येते कोठून?"

दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींनी फळ्यावर या प्रश्नाचे उत्तर रेखाटले. ते चित्र आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. मध्यभागी पृथ्वी, एका बाजूस सूर्य. गुरुजी म्हणाले, "या साऱ्या कारखान्याचा मालक सूर्य होय. तो विषुववृत्ताजवळ अधिक उष्णता देतो व ध्रुवांकडे कमी. जेथे उष्णता अधिक तेथील हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घेण्यास दुसरीकडची हवा धावते. हा धावणारा वारा आणि समुद्राचे वाहते प्रवाह ही उष्णता पृथ्वीभर वाटीत असतात. उन्हाळ्यात आपली जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. म्हणून दक्षिणेकडील महासागरावरचे वारे आपल्याकडे ओढले जातात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्त ओलांडताच ते उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून येऊ लागतात. वाटेत त्यांनी समुद्राची वाफ भरून घेतलेली असते. हाच आपला मोसमी पाऊस."

सह्याद्री चढताना हे वारे आपल्याजवळचे बरेचसे पाणी कोकणात व घाटमाथ्यावरच रिते करतात. पलीकडे उतरतात तेव्हा त्यांची झोळी हलकी झालेली असते. आमच्या विदर्भाला दुसऱ्या बाजूनेही पाऊस मिळतो. बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे पट्टे निर्माण होतात आणि पश्चिमेकडे सरकत सरकत आमच्या डोक्यावर येतात. अशा रीतीने दोन समुद्र आमचे धनी आहेत. गंमत अशी, की आम्ही ते पाणी परतही दोघांना करतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. लोक त्यांना 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे म्हणतात. बुलढाण्याच्या डोंगरातून निघालेली नळगंगा घाटाखाली उतरून पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. त्याच डोंगरात उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, एक डोंगराच्या या अंगाला आणि एक त्या अंगाला पडला, की शेकडो कोस दूर असलेल्या दोन समुद्रांना जाऊन मिळतात. हे ऐकल्यापासून माझ्या हातातल्या बाटलीतील पाण्याकडे मी आदराने पाहू लागलो.

परंतु आदर निराळा आणि नेम निराळा. जुलै महिन्यात एका शनिवारी रात्री पाऊस कोसळला. रविवारी पहाटे कोणीतरी ओरडले, 'नदीला पूर आला!' सारी मुले नदीवर धावली, मीही धावलो. लाल पाण्यावर झाडांचे ओंडके वाहत चालले होते. साडेआठ केव्हा वाजून गेले, मला कळले नाही. पर्जन्यमापकाची आठवण झाली ती दिवस कलल्यावर. आता जाऊन मोजले तरी उशीर झाल्याचे वहीत लिहावे लागणार, आणि गुरुजी काय म्हणतील? मी घरीच वही उघडली, रात्रीच्या पावसाचा मनाशी अंदाज केला आणि लिहिले: १८. वेळेच्या रकान्यात लिहिले: साडेआठ. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेवर शाळेत गेलो. रविवारी दिवसभरात चार शिंतोडे काय ते पडले होते. बाटलीत पाणी असणार ते नावापुरते, अशी माझी समजूत. बाटली काढली तर ती जड लागली. मापपात्रात ओतून पाहतो तो ४६! माझ्या हातापायांतील बळच गेले. शनिवार रात्रीचा पाऊस बाटलीत तसाच माझी वाट पाहत राहिला होता. मी चुकलो होतो. तो चुकला नव्हता. आता अठरा वजा करून उरलेला आकडा लिहावा, असे माझ्या मनात आले. तेवढ्यात मागे गुरुजी उभे असलेले दिसले.

त्यांनी विचारले, "काल किती होता?"

मी म्हणालो, "अठरा."

त्यांनी मापपात्राकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. मला रडू कोसळले. मी सारे सांगून टाकले.

गुरुजींनी छडी उगारली नाही. त्यांनी वही घेतली, माझ्या '१८' वर एकच सरळ रेघ मारली. आकडा खोडला, पण तो वाचता यावा असा. बाजूला लिहिले: 'मोजले नाही.' खालच्या ओळीत लिहिले: '४६, दोन दिवसांचा एकत्रित.' त्या दोन्ही ओळींपुढे त्यांनी मला पुन्हा सही करावयास लावले. मग ते म्हणाले, "बाळ, नीट ऐक. शून्य लिहिले, म्हणजे 'पाऊस पडला नाही, हे मी पाहिले' असा त्याचा अर्थ. जागा रिकामी ठेवली, म्हणजे 'मी पाहिले नाही' असा अर्थ. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण न पाहता लिहिलेला आकडा ही तिसरीच गोष्ट. वहीत रिकामी जागा दिसली तर पुढचा माणूस ती ओलांडून जाईल. खोटा आकडा दिसला तर तो त्यावर विसंबेल आणि फसेल. आणि एक आकडा खोटा निघाला, की शेजारच्या तीस खऱ्या आकड्यांवरही कोणाचा विश्वास बसत नाही."

त्यानंतर १९७२ साल उजाडले. महाराष्ट्रात ज्यांनी ते वर्ष पाहिले, त्यांना त्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. पेरलेले बियाणे मातीतच करपले. विहिरींनी तळ दाखविला. आमच्या घरची माणसे सरकारी कामावर खडी फोडावयास जाऊ लागली; ताटात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आली; शाळेतल्या मुलांच्या हातांवर सुकडी पडू लागली. आणि माझ्या वहीत एकाखाली एक शून्ये उतरू लागली. शून्य, शून्य, शून्य. एका पानावर तर दुसरा आकडाच नव्हता.

एके सकाळी मी कंटाळून म्हणालो, "गुरुजी, आभाळात ढग नाही. बाटली कोरडी आहे हे इथूनही कळते. मग रोज उघडून कशाला पाहायचे?" गुरुजी म्हणाले, "पावसाळ्यात पाऊस कोणीही मोजील. दुष्काळात जो शून्य मोजतो, तोच खरा मोजणारा."

घरी गेलो की आबा ओसरीवरून विचारीत, "आज किती?"

मी म्हणे, "शून्य, आबा."

"लिव्हलं का?"

"लिहिलं."

ते मान हलवीत आणि गप्प बसत. ज्यांनी माझ्या शिशीची थट्टा केली होती, तेच आता रोज त्या शिशीचा निरोप विचारीत होते.

पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आबा घाटाखाली जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला गेले. तेथे शेतात धान्यांचा घट मांडतात, मध्ये मातीच्या ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो घट पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. दूरदूरचे शेतकरी ते ऐकण्यास जमतात, आजही जमतात. आबांनी तेथले भाकीत गुरुजींना सांगितले, तेव्हा मला वाटले गुरुजी हसतील. ते हसले नाहीत. इतकेच म्हणाले, "आबा, ज्याचे पोट पावसावर आहे, त्याला उद्याची काळजी असणारच. पण हे भाकीत या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवू या. पावसाळा सरला की समोरासमोर ताडून पाहू. दहा वर्षे असे केले, म्हणजे कशावर किती विसंबावे ते आपले आपल्यालाच कळेल." विज्ञानाची रीत मला कोणत्याही पुस्तकापूर्वी या वाक्याने शिकविली.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. गावाचे रडगाणे थांबले. माझ्या मनातील प्रश्न मात्र थांबला नाही. १९७२ साली आपला पाऊस गेला कोठे? त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी वाचावयास मिळाले. त्या वर्षी आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ, पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले होते. त्याला 'एल निनो' म्हणतात. तेथील कोळ्यांच्या जाळ्यांत मासळी येईनाशी झाली, आणि इकडे आमच्या नरसाळ्यात पाऊस येईनासा झाला. समुद्र तापला, की त्यावरील हवेचा दाब बदलतो. दाब बदलला, की वाऱ्यांच्या वाटा बदलतात. या दाबांची सांगड उलगडून दाखविली ती गिल्बर्ट वॉकर या शास्त्रज्ञांनी. १९०४ ते १९२४ या काळात ते आपल्या भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. देशोदेशींच्या वेधशाळांतील नोंदवह्या समोर ठेवून त्यांनी हे गणित मांडले. एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडतोच, असे मात्र नाही. १९९७ साली तो फार जोरात असतानाही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हवामान ही अनेक दोऱ्यांनी विणलेली वस्तू आहे. एकच दोरा ओढून सारे वस्त्र उलगडत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आज सकाळी ऊन पडले, दुपारी सर आली, ही झाली हवा. ती घटकेघटकेला बदलते. एखाद्या ठिकाणची वर्षानुवर्षांची हवा एकत्र करून जी सरासरी निघते, ते हवामान. निदान ३० वर्षांच्या नोंदी असल्याशिवाय हवामानाविषयी बोलू नये, असा शास्त्रज्ञांचा संकेत आहे. म्हणजे एका मुलाने लिहिलेली दोन वर्षांची वही हवामान सांगू शकत नाही. पण अशा हजारो वह्या, शंभर वर्षे, न चुकता भरल्या गेल्या, तर त्या सांगू शकतात. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले ते याच कामासाठी. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. त्या वास्तूला पुण्यात अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात.

याच पुण्याच्या कार्यालयात १९४८ पासून अण्णा मणी या विदुषी काम करू लागल्या. वायुभारमापक, तापमापक, पर्जन्यमापक अशी उपकरणे तेव्हा परदेशांतून आणावी लागत. ती आपल्याच देशात तयार व्हावी आणि प्रत्येक उपकरण अचूक असावे, यासाठी त्या झटल्या. चुकीचे मोजमाप असण्यापेक्षा मोजमाप नसलेले पत्करले, असे त्यांचे मत होते. हे वाचले तेव्हा मला आमच्या वहीतील ती खोडलेली ओळ आठवली.

माणसाने वह्या लिहावयास आरंभ केला तो अलीकडे. त्यापूर्वीचे पाऊस कोणी मोजले? त्यांचीही एक वही आहे, आणि ती आमच्याच जिल्ह्यात आहे. ती म्हणजे लोणारचे सरोवर. पूर्वी केव्हातरी आकाशातून आलेली एक प्रचंड उल्का काळ्या पाषाणावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे गोल विवर पडले. त्याच्या तळाशी खारे पाणी साचले. मुख्याध्यापक असताना मी दरवर्षी मुलांना घेऊन त्याच्या काठावर उभा राहत असे. या सरोवरात पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. ओढ्यांबरोबर आलेला गाळ वर्षानुवर्षे तळाशी थरावर थर साचत राहतो. पाऊस उदंड झाला, की एका प्रकारचा गाळ बसतो. दीर्घकाळ पाऊस रुसला, की पाणी आटते, क्षार दाट होतात आणि गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक तयार होतात. भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात नळी खोल घालून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ बाहेर काढला. त्यात सुमारे ११ हजार वर्षांची नोंद होती. २०१३ व २०१४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि पुन्हा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी, या भागात मोसमी पाऊस दीर्घकाळ दुबळा झाला होता. आमच्या १९७२ पेक्षा कितीतरी लांबलेले ते कोरडे काळ. त्यांची शून्ये सरोवराने स्फटिकांनी लिहून ठेविली आहेत. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सारा देश चकित झाला. पाणी घटून खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात रमणारे सूक्ष्म जीव बळावले, म्हणून तो रंग आला होता. म्हणजे सरोवराची नोंद अजूनही चालूच आहे.

आणखी एका वहीची गोष्ट सांगतो. पृथ्वीभोवती हवेचे एक पांघरूण आहे. त्यातील वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि दुसरे काही वायू जमिनीची ऊब अडवून धरतात. हे वायू नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असते. ते असल्यामुळे ते सुमारे १५ अंश आहे. थंडीच्या रात्री गोधडी हवीच. पण भर वैशाखात अंगावर दुसरी गोधडी टाकली तर जीव घाबरा होतो. कोळसा व खनिज तेल जाळून माणूस पृथ्वीवर अशी दुसरी गोधडी घालतो आहे. हे कळले कसे? हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास आरंभ केला. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते; आज ४२० हून अधिक आहेत. हे मोजमाप सतत चालले आहे. १९६४ साली मात्र पैशाअभावी काही महिने ते थांबले. त्या महिन्यांची जागा मूळ नोंदीत आजही रिकामी आहे. कोणी तेथे अंदाजाने आकडा मोजलेला म्हणून लिहिला नाही. म्हणूनच बाकीच्या आकड्यांवर सारे जग विसंबते.

आज मोजण्याची साधने फार वाढली आहेत. आकाशातून उपग्रह ढगांवर नजर ठेवतात. फुगे यंत्रे घेऊन उंच जातात. हजारो तरंगती यंत्रे दर दहा दिवसांनी महासागरात दोन हजार मीटर खोल बुडी मारून पाण्याचे तापमान घेऊन येतात. पृथ्वीवर वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक महासागरांनी पोटात घेतली आहे, हे त्यामुळेच कळले. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की आमच्याकडे त्यास अतिवृष्टी समजतात. शेतकऱ्याच्या नुकसानीचा विचार होतो तो त्या आकड्यावरून. नरसाळ्यातल्या आकड्याशी आता भाकरीचीही गाठ पडली आहे.

म्हातारी माणसे म्हणतात, 'आता पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही.' असे आबाही म्हणत, आणि बहुधा त्यांचे आबाही म्हणत असतील. खरे काय? २०२० साली भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालात उत्तर आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. परंतु मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे एकूण पाऊस थोडा उणावला, आणि आडदांडपणे कोसळणे वाढले. हे कोणाच्या आठवणीतून कळले नसते. आपल्याला मोठे पूर आणि मोठे दुष्काळ तेवढे आठवतात. मधले साधे दिवस आपण विसरतो. ते कळले रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकाजवळ जाणाऱ्या असंख्य अनाम माणसांमुळे. त्यांतील कित्येकांना आपण लिहिलेले शून्य पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे ठाऊकही नव्हते.

गुरुजींनी निवृत्त होताना ती वही मला दिली. तिची पाने पिवळी पडली आहेत. ती मी मोठ्या शास्त्रज्ञांच्या नोंदींत मिळवू शकत नाही. आमचे यंत्र साधे आणि वर्षे थोडी. पण तिच्यात एक खोडलेला १८ आहे, त्याखाली माझी थरथरती सही आहे, आणि पुढे १९७२ च्या शून्यांची ती लांब रांग आहे. माझ्या चाळीस वर्षांच्या शिकविण्यात मुलांना देण्याजोगे जे काही मजजवळ होते, ते बरेचसे त्या दोन पानांवरून घेतलेले आहे.

आता आमच्या अंगणातही एक पर्जन्यमापक आहे. माझी नात रोज सकाळी तो पाहते. गेल्या पावसाळ्यात पावसाने मोठी ताण दिली, तेव्हा ती काही दिवस हिरमुसली होऊन परत येत असे.

मी विचारी, "आज किती?"

"शून्य, आजोबा."

"उघडून पाहिलेस?"

"हो."

"मग लिही," मी म्हणे. आणि ती शून्य काढून त्यापुढे आपली सही करी.